रांगोळीखालचा खड्डा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या सरपंच पुष्पांजलीताई, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, शाखा अभियंता योगराज टेंभरे साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेले ग्रामस्थ, माझ्या भगिनी, आणि दाराशी उभं राहून गप्पा मारणारे तरुण. तरुणांचं बोलून झालं असेल तर मी सुरू करते.

मला खुर्चीत बसून बोलू दिल्याबद्दल आभार. माझा गुडघा उभं राहू देत नाही. गुडघ्याला काय झालं, ते मी सांगणार नाही. ताईंनी सकाळी घरी येऊन बजावलंय, "बाई, चार शब्द चांगले बोला. खड्ड्याचं नाव काढू नका." मी शब्द दिलाय. तेव्हा आज फक्त साहेबांचे गुण. आता गुण सांगताना वाटेत खड्डा आलाच, तर त्याला मी काय करणार? तो वाटेतच आहे.

साहेबांचा पहिला गुण म्हणजे काम पक्कं. आपल्या नाल्यावरचा पूल त्यांनी उभा केला. पूर्वी पावसाळ्यात शाळा बंद पडायची, आणि गुरुजींपासून पोरांपर्यंत सगळे त्यात खूश असायचे. पूल झाला आणि कोणाला सबब उरली नाही. मी तिथे मुख्याध्यापिका होते, मला त्या पुलाची किंमत माहीत आहे. टाळ्या वाजवा. पुरे.

दुसरा गुण म्हणजे सचोटी. जे डोळ्यांनी दिसत नाही ते साहेब कागदावर लिहीत नाहीत. याचा अनुभव माझ्याइतका कोणाला आहे?

मागच्या पावसाळ्यात मी माझे दीर सुखराम यांच्या मोटारसायकलवर मागे बसून नवेगाव बांधहून येत होते. पिशवीत जिवंत मरळ होती. पाहुण्यांसाठी ताजी मासळी, एवढाच माझा गुन्हा. गावाच्या तोंडाशी रस्त्यात पाणी साचलेलं. सुखराम म्हणाले, "वयनी, डबकं हाय, काई नाई." पुढचं चाक त्या काई नाईत गेलं. सुखराम डावीकडे, मी उजवीकडे, आणि मरळ मध्ये. आम्ही दोघं बाहेर निघालो, मरळ निघाली नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या बकारामने तिला गळ टाकून धरलं. आता मला सांगा, ज्यात मासा रात्रभर सुखाने राहतो, त्याला रस्ता म्हणायचं की तळं?

फोटो काढला का, असं साहेबांनी तेव्हा विचारलं होतं. काढला होता. गावातल्या प्रत्येक फोनमध्ये फोटो आहे. सगळ्यांत बकाराम आहे आणि त्याच्या हातात मरळ आहे. खड्डा एकातही नाही.

मी भरपाईचा अर्ज केला. साहेब जागा पाहायला येणार असं ठरलं. मी तेव्हा दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये. आणि इकडे आपल्या गावाने काय केलं? साहेब येणार म्हटल्यावर गावाने तेच केलं जे आपण कोणीही यायचं म्हटल्यावर करतो. सुखरामच्या पत्नी, म्हणजे माझ्या जाऊबाई जमुनाबाई, यांनी पहाटे मुरूम टाकून खड्डा बुजवला, धुम्मस मारून सपाट केला, वरून शेणाचा सडा घातला आणि त्यावर कमळाची रांगोळी काढली. साहेबांना तिथेच हार घातला. तिथेच चहा दिला. साहेबांनी विचारलं, "तो खड्डा कुठाय?" तेव्हा एकाने तरी बोलावं! सगळे म्हणाले, "काईच तकलीफ नाई साहेब, रस्ता मस्त हाय." पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही आपली रीत. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून साहेब म्हणे कडेने चालले. सज्जन माणूस. मग सज्जनपणे त्यांनी लिहिलं, खड्डा आढळला नाही, अपघात चालकाच्या बेपर्वाईने झाला.

माझा अर्ज फेटाळला गेला. ते मी सोसलं असतं. पण तेव्हापासून सुखरामच्या गाडीवर मागे कोणी बसत नाही. चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला पोरं "बेपरवा काका" म्हणतात. सुखराम, मान वर करा. भाषण तुमच्यासाठीच आहे.

पुढच्या पावसात मुरूम वाहून गेला. मी साहेबांना पुन्हा बोलावलं. या वेळी गावाने खड्डा बुजवून वर मांडव टाकला. मी जमुनाबाईंना विचारलं, "अगं, नवरा तुझा बदनाम झाला ना?" त्या म्हणाल्या, "नवरा घरचाच हाय बाई, साहेब पावना हाय."

मी साहेबांच्या कार्यालयात किती खेपा घातल्या, ते तिथल्या शिपायाला विचारा. तो आता मला न विचारता बिनसाखरेचा चहा आणतो. साहेब दर वेळी उठून उभे राहत आणि म्हणत, "बाई, मी खड्डा पाहिला असता तर लिहिलं असतं." मी त्यांच्यावर कधी रागावले नाही. आवाज चढला असेल.

आज संध्याकाळी साहेब पदभार सोडणार. म्हणून सकाळपासून मी पुन्हा उघड्या पडलेल्या खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून, काठी घेऊन बसले होते. जमुनाबाई घमेलं घेऊन आल्याच. "कायले बसल्या इथं बाई? साहेब येऊन राह्यले, आजच्या दिवशी तरी रस्ता असा ठेवाचा का?" मी म्हटलं, "ठेवायचा." त्यांनी मुरूम खाली ठेवला, पण चेहरा असा केला की जणू मी पाहुण्याला उपाशी परत पाठवतेय.

साहेबांना आणायला सुखरामलाच पाठवलं होतं. दुसरं कोणी मोकळं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. हळू चालवा, असंही बजावलं होतं. त्यांनी हळूच चालवली. मलाही त्यांनी हळूच पाडलं होतं.

मंडळी, आपल्याकडे शाल-श्रीफळ भाषणांनंतर देतात. आज शाल दारातच का दिली, आणि एवढ्या उकाड्यात साहेब ती गळ्यापर्यंत लपेटून का बसलेत, हे आता लक्षात आलं असेल. साहेबांना कुठे लागलं नाही, देवाची कृपा. फक्त शर्ट पांढरा होता.

साहेब, तुमच्या सचोटीला स्मरून, या सभेसमोर एकच प्रश्न. रस्त्यात काय आहे?

माइक त्यांच्याकडे द्या जरा.

"खड्डा आहे, बाई."

आणि सुखराम?

"त्यांची काही चूक नाही. चला, जागेवर उभं राहून तसा पंचनामा लिहून देतो. जागेवर पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही."

ऐकलंत? सुखराम, आता मान वर ठेवा. ताई, शब्द मोडला, मान्य आहे. मोडलेल्या गुडघ्याच्या मानाने लहान आहे. साहेबांना दीर्घायुष्य लाभो. पूल बांधलात, त्याबद्दल गाव तुमचं ऋणी आहे. आयोजकांचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे आणि स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार. माझं बोलणं कोणाला टोचलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या.

अगं रुख्मा, तू दारातून हात का हलवतेस? जमुनाबाईंची जागा रिकामी कशी?

घमेलं घेऊन? कधी?

साहेब, उठा. जेवण मागाहून. सुखराम, गाडी काढा, मी मागे बसते.