मरैंद म्हणजे

वैदेही : आत्या, दादाच्या पोस्टरचा फोटो आलाय, आधी मिशी बघ. तिकडे श्रीलंकेत निवडणुकीसाठी त्याने मिशी वाढवलीये. शाळेच्या नाटकातला फौजदार दिसतोय.

शकुन : फोन हलवू नकोस गं. अक्षरं लागत नाहीत.

वैदेही : तुला अजून तमिळ वाचता येतं? श्रीलंकेहून आलीस तेव्हा मी जन्मलेपण नव्हते.

शकुन : नवऱ्याची भाषा आहे, कुठे जाईल? हे बघ, माझ्या अजेयचं नाव. त्याच्या आधी नडेसन, तुझे काका. आणि त्यांच्याही आधी लिहिलंय, मरैंद.

वैदेही : म्हणजे?

शकुन : लपलेले. युद्धात वर विमानाची घरघर आली की हे ओरडायचे, मरै, मरै. लपा. मी अजेयला घेऊन खंदकात उडी मारायचे.

वैदेही : लपलेल्या नडेसनचा मुलगा? मत द्या? असं कोणी लिहितं का?

शकुन : पक्षाने छापलंय, वैदेही. गावभर चिकटवलंय. उगाच छापतील का? त्यांना काहीतरी कळलं असणार. कोणीतरी ह्यांना पाहिलं असणार.

वैदेही : थांब, मी फोनलाच इंग्रजीत अर्थ विचारते. शाळेत हाउस कॅप्टन झाल्यापासून मी खात्री केल्याशिवाय काही मानत नाही. बाबा मला इन्स्पेक्टरीणबाई म्हणतात. हां, आलं. 'लेट नडेसन.' लेट? काका कुठे उशिरा आले? काहीही सांगतं हे. लेट म्हणजे...

शकुन : म्हणजे काय?

वैदेही : काही नाही.

शकुन : तू कधी गप्प बसतेस? काय लिहिलंय?

वैदेही : आपण दादालाच फोन लावू. गॅलरीत चल, आत रेंज नाही.

(फोन लागतो. वैदेही स्पीकर सुरू करते.)

अजेय : आई, पटकन बोल. सभेला निघालोय, सगळे गाडीत बसलेत.

शकुन : तुझे अप्पा कुठे दिसले?

अजेय : काय?

शकुन : पोस्टरवर छापलंयत ना. मरैंद.

अजेय : अगं आई...

वैदेही : दादा, तू सांग. नाहीतर मला सांगावं लागेल.

अजेय : आई, मरैंद म्हणजे कैलासवासी. तिकडे पेपरात तसंच लिहितात. मराठीत नाही का, काळाच्या पडद्याआड.

शकुन : नाही. ते आपल्या पायांनी बसमध्ये चढले. चौकशी करून सोडतो, म्हणाले सरकारी सैनिक. तू माझा हात धरून उभा होतास.

अजेय : होतो.

शकुन : मग गेले हे तुला कोणी सांगितलं?

अजेय : कोणी नाही.

शकुन : मग बेपत्ता लिही. तमिळमध्ये त्याला शब्द आहे. आम्ही बायका त्याच शब्दाचे फलक धरून उन्हात बसायचो.

अजेय : बेपत्ता लिहिलं की लोक विचारतात, कोणी नेलं? आमची राजधानीतल्या सत्ताधारी सिंहली पक्षाशी युती आहे, आई. गावाला पाणी हवंय. कोळ्यांना सैन्याने घेतलेला त्यांचा किनारा परत हवाय. ते ज्यांच्याकडून मिळवायचं, त्यांच्याच शेजारी उभा राहून कसं विचारू? कैलासवासी म्हटलं की दोन्हीकडचे लोक मान खाली घालतात. प्रश्न नाही येत.

वैदेही : म्हणजे काकांना कोणी नेलंच नाही. ते आपले आपण वारले.

अजेय : तू फार बोलायला लागलीस.

वैदेही : मीपण निवडून आले, दादा. पंखे दुरुस्त करून देईन म्हणाले होते. कोणाच्या बाबांना मारलं नव्हतं.

शकुन : तू थांब, वैदेही. अजेय, राजा, ती पोस्टरं काढ. पाया पडते तुझ्या. नाहीतर मी येते तिकडे, मी नखांनी खरवडते भिंती.

अजेय : परवा मतदान आहे. आणि मी पण थकलोय गं. लहान होतो तेव्हापासून, दार वाजलं की मी बघतो. अजून बघतो. मला एकदा त्यांच्यासाठी रडायचंय.

शकुन : मग रड ना. माझ्यापाशी येऊन रड. गावाकडून मतं कशाला मागतोस त्याच्यावर?

अजेय : आई, गाडीत सगळे वाट बघतायत.

शकुन : बघू देत. त्यांनाच एवढं विचारून सांग. उद्या सकाळी आंघोळ झाली की मी कुंकू लावू, का नको?

वैदेही : दादा?

शकुन : ठेवला त्याने?

वैदेही : नाही, आत्या. फोन सुरू आहे. तो ऐकतोय.