समता आली आणि गुरुवार गेला

...आणि वर मलाच म्हणतात, ‘हिल्डा, तू नोकर नाहीसच!’ अहो, मग बावीस वर्षं या घरची भांडी काय परीराणीनं घासली? तुम्हाला सांगते, समाजवादी लेखकाच्या घरी स्वयंपाकाला राहू नका. समोरच्या कर्नलकडे राहा, तो शिव्या देतो, पण एकटा जेवतो! आमचे थर्लोसाहेब... साहेब म्हटलेलं चालत नाही, ‘कॉम्रेड म्हण!’... बापाचा साबणाचा कारखाना, शिकले लाटसाहेबांच्या पोरांच्या शाळेत, पुस्तक लिहिलं ‘कामगारांची पहाट’ आणि स्वतः उठतात साडेदहाला! पहाट बघितलीय कुणी? मी! शेगडी पेटवताना!

तर एका सकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी हो, साहेबांना साक्षात्कार झाला. ‘आजपासून या घरात कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही. तू माझ्याबरोबर टेबलाशी जेवायचंस!’ इतकी वर्षं मी आत बूट काढून, पाय पसरून, बशीत चहा ओतून मस्त फुर्र करून प्यायचे. आता? ताठ बसा, कोबी गार होईस्तोवर भांडवलशाहीचं पाप ऐका, आणि मग उठून बशा कुणी विसळायच्या? मीच! आली ना समता घरात!

तेही सोसलं असतं. पण गुरुवार! गुरुवारी माझी अर्धी सुट्टी. दोनची बस, थेट बहिणीकडे, विनीकडे. बूट काढायचे, ती शहाजिऱ्याचा केक कापणार, आणि दोघींनी मिळून साहेबांना यथेच्छ शिव्या घालायच्या. आठवडाभर मी तगते कशावर? त्या शिव्यांवर! तर मी टोपी घालून निघाले, आणि साहेब दारात उभे. ‘हिल्डा, सुट्टी नोकरांना असते. तू नोकर कुठेयस?’

अस्सं! मी त्यांचंच पुस्तक उघडलं, म्हटलं, ‘काय लिहिलंय इथं? हक्क मिळत नसेल तर संप करा. हा केला!’ आणि ॲप्रन फेकून फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. वाटलं, आता जिरेल. कसलं काय! साहेब डोळे पुसत धावत आले, ‘आयुष्यभर लिहितोय हिल्डा, पहिल्यांदा कुणीतरी केलं!’ आणि फलक घेऊन माझ्या शेजारी उभे... ‘मालकाचा धिक्कार असो!’

म्हटलं, ‘साहेब, मागणी करायची कुणाकडे?’

‘मालकाकडे!’

‘आणि मालक?’

‘तोही संपावर!’

तेवढ्यात दोनची बस आली. ड्रायव्हर थांबला, ‘चढताय ना, हिल्डाबाई?’ मी पाय उचलला, तर साहेब किंचाळले, ‘कॉम्रेड! संप फोडतेस?’ आता चारचौघांत असं कुणी म्हटल्यावर बाई चढेल कशी? गेली बस. खरंच रडू आलं हो मला.

मग पाऊस. साहेबांचे दात वाजायला लागले. ‘कॉम्रेड... संपकऱ्यांना चहा कोण देतं गं?’ कोण देणार! संपावर असून चहा मीच केला, टोस्टही भाजला. आली ना समता! चहा पोटात गेल्यावर साहेबांनी टेबलाच्या अलीकडे बसून मागणी मांडली, मग उठून पलीकडच्या खुर्चीत बसले आणि तीच मागणी मान्य केली. ‘जिंकलो, हिल्डा! गुरुवारची अर्धी सुट्टी... सगळ्या कॉम्रेडांना!’

मी खुळी, टाळ्या वाजवल्या. सगळ्या म्हणजे कोण, ते विचारायचंच राहिलं.

पुढच्या गुरुवारी बसमध्ये माझ्या शेजारी कोण? आता दर गुरुवारी साहेब विनीच्या आरामखुर्चीत बूट काढून बसतात, केकचा कडेचा खरपूस तुकडा उचलतात, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत मालक नावाच्या जातीला शिव्या घालायला लागतात. आणि काय सांगू... आमच्यापेक्षा छान घालतात हो! आमच्यासाठी एक शिवी शिल्लक ठेवत नाहीत. आता बशा विसळायला आम्ही दोघी असतो. आली ना समता... विनीच्याही घरात!