वीतभर राहिली!

…आणि शर्टाचं नाव काढू नका, तुम्हाला सांगतो, पंख्याचा वारा लागला तरी कंबरेवर कुणी निखारे ओततंय असं होतं! सरकून बसा जरा. आणि माझ्या डाव्या बाजूला कुणी शिंकू नका… थांबा, दम घेतो.

हं. जन्म गेला माझा विटांच्या भट्टीवर. फुप्फुसांची पार धुराडी झाली, म्हणून नाकात ही नळी अन् बाजूला ऑक्सिजनचं नळकांडं. आपली डॉक्टरीण मार्गोथ, ती मागेच म्हणाली होती, "डॉन एलिएसेर, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? तो विषाणू अजून अंगात दडून बसलाय. छाती अशी अधू झाली की नागीण लवकर गाठते. लस घ्या." तर आमची नुबिया कंबरेवर हात ठेवून, "छातीत धूर आणि नागीण कंबरेला? ह्या पोरीला माणसाचं अंग तरी ठाऊक आहे का? चला घरी!" गेलो घरी. बायकोशी भांडायला दम लागतो हो!

निघाली ना नागीण! बेंबीपासून निघाली ती पाठीकडे. अख्खी गल्ली माझा शर्ट वर करून बघून गेली. "डोकं-शेपूट जुळलं की माणूस खलास! वीतभरच राहिली!" अहो, माझी कंबर ती केवढी, वीतभर राहणार नाही तर काय कोसभर राहणार? पण खरं सांगतो, भ्यालो. रात्रंदिवस शेपूट चाचपत होतो… थांबा, दम घेतो.

मग नुबियानं आणला तो प्रिमितीवो, नागीण उतरवणारा! बंदुकीची दारू लिंबात कालवली आणि फासली मेल्यानं उघड्या फोडांवर! मी असा बोंबललो की शेजारची गाढवं दावं तोडून पळाली. वर तोंडात पेटलेला चिरूट! "नागिणीला मंत्राबरोबर धूर लागतो." धूर? मला? वाकला की तो तोंडाशी मंत्र फुंकायला! नळीतल्या हवेनं चिरूट जो भडकला, भस्सकन! त्याच्या मिशा गेल्या, माझ्या भुवया गेल्या, आणि कंबरेला तर दारू फासलेली! नळी उपटली आणि बसलो पाण्याच्या पिंपात.

बाहेर आलो तो सरळ त्याच्या नरड्यावर. घातला एक गुद्दा… थांबा, दम घेतो. तेव्हाही घेतला! आणि बघतो तर तोही भिंतीला धरून खोकतोय, जन्मभर चिरूट ओढलेला! त्यानं एक लाथ घातली, बसला. मी वरवंटा फेकला, बसलो. पुन्हा तो उठला, माझा कान चावला, बसला. नुबिया ओरडतेय, "अहो, मारा तरी, नाहीतर मरा तरी!"

शेवटी दोघांना एकाच गाढवगाडीत घालून इथे दवाखान्यात आणलं. मार्गोथनं मला गोळ्या दिल्या, म्हणाली, "नागीण वेढा घालत नाही, त्यानं कुणी मरत नाही. आग मात्र राहील, कदाचित महिनोन् महिने." मग प्रिमितीवोची छाती तपासली. तो हळूच म्हणतो कसा, "पोरी, ती लस… आहे का गं?"

होती! "आणि मला?" मी म्हटलं. "तुम्हाला आता नाही, आधी ही बरी होऊ द्या."

आणि आमची नुबिया! त्याचा हात हातात घेऊन, माझ्यादेखत, "घाबरू नका हो डॉन प्रिमितीवो. छाती अधू असली की घ्यावीच लागते!"

थांबा… नाही, आता सांगायचं काही नाही. नुसताच दम घेतो.