सोबतीला आलेली सासू

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर माझ्या मागच्या बाकावर एक सून आणि तिच्या सोबतीला आलेली सासू बसल्या होत्या.

"आई, उजवी बाजू दगडासारखी झालीय हो. छातीत बसवलेलं ते सिलिकॉनचं इम्प्लांट आत फुटलं असेल का?"

"फुटायला तो काय फटाका आहे? तपासतील, लागलं तर काढतील."

"मला वाटलं होतं, एकदा बसवलं की जन्माची सोय झाली."

"जन्माची सोय नवऱ्यानेसुद्धा होत नाही. ते कधी ना कधी बदलावं लागतं, नाहीतर काढावं लागतं. भोवती आपलंच शरीर आवळून बसतं, म्हणून कडक लागतं. दर वेळी फुटलेलंच असतं असं नाही."

"तुम्हाला एवढं कुठून माहीत?"

"वाचते मी. नुसत्या मालिका बघत नाही."

"काढलं तर कशी दिसेन मी?"

"आहेस तशीच. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

"अय्या, काकू तुम्ही! टाके सुकले ना? दोन्ही इम्प्लांट काढल्यावर हलकं वाटतंय की नाही?"

"आई! गेल्या महिन्यात तुम्ही मावशींकडे गेला होता ना?"

"गेले होते की. येताना इथे थांबले."

"आणि आम्ही म्हणत बसलो, मावशींनी उपाशी ठेवलं म्हणून तुम्ही बारीक झालात!"

"म्हणून तर म्हटलं, पत्ता लागत नाही."

"दुखलं का हो फार?"

"दुखलं थोडं. पण काल दुपारी किती वर्षांनी पालथी झोपले, बाई! चल ऊठ, तुझा नंबर आला."