लाजरा दगड

(संग्रहालयाची मागची खोली, दुपार. टेबलावर कापडात ठेवलेला मुठीएवढा पांढुरका दगड, त्याच्या एका कडेला मळकी चिकटपट्टी. टेबलाच्या अलीकडे वहिनी आणि तिचा धाकटा दीर, पलीकडे दगडांचं काम बघणाऱ्या बाई.)

वहिनी : "विकलास," असं म्हणाले मी, आणि अजूनही तेच म्हणते. हा तो दगड नाही. तो जांभळा होता. हा बघ, फरशीचा तुकडा वाटतो.

धाकटा : फरशीचा तुकडा असता तर मॅडमनी दोन दिवस ठेवून घेतला असता का? त्यांना काय दुसरी कामं नाहीत?

वहिनी : तू कुठून आणलास तो, ते तुलाच माहीत. दगड कापायच्या कारखान्यात जातोस ना. तिथे ढीग पडलेत.

धाकटा : बरं. मी चोर. शाळा सोडली तेव्हाच झालो. आता फक्त कपाळावर लिहायचं बाकी आहे.

बाई : जरा थांबा दोघंही. त्या कापडाला हात लावू नका, एवढंच मागते.

वहिनी : मला काही शिकायचं नाहीये बाई. याने गळाला लागलेल्या माशासारखं ओढत आणलं म्हणून आले. म्हणाला, एकदा चल, मग घर सोडतो.

धाकटा : सोडतोच आहे. चार वाजता खाली गाडी येतेय.

वहिनी : कसली गाडी?

धाकटा : ते नंतर. मॅडम, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तिला खोटंच वाटणार.

बाई : तुमच्या यजमानांनी हा कुठून आणला, माहीत आहे?

वहिनी : खाणीतून. खालच्या भुयारातून. डब्यात घालून आणला होता, त्यांच्या काळ्या मोज्यात गुंडाळून. मी म्हटलं, डब्यात मोजा घालता, आता जेवू कशात? तर हसले. दार लावलं, दिवा मालवायला सांगितला आणि मेणबत्तीच्या उजेडात दाखवला. जांभळा. पिकलेल्या जांभळासारखा, आतून.

धाकटा : मी पण पाहिला होता.

वहिनी : तू दाराच्या फटीतून पाहिलास. त्यांना माहीत होतं. "खड्या डोळा लावून बसलाय बघ," म्हणाले. तुला खड्याच म्हणायचे ना.

बाई : आणखी काही म्हणाले? ठेवायचा कसा, वगैरे?

वहिनी : पेटीत ठेव म्हणाले, तळाशी. उजेडात काढू नकोस, लाजरा आहे. कडेला धार होती, माझा हात कापेल म्हणून स्वतःच्या अंगठ्याच्या जखमेवरची पट्टी काढून त्यावर लावली. मला वाटलं, नेहमीची थट्टा. किंवा चोरांची भीती.

धाकटा : आणि पुढच्या आठवड्यात याचाच दुसरा तुकडा आणायला गेला.

वहिनी : तू गप्प बस.

बाई : ...आणि?

धाकटा : छत आलं खाली. चौघं होते. तिघांना काढलं. दादापर्यंत पोचता येईना म्हणून साहेबांनी भुयाराचं तोंड भिंत घालून बंद केलं. तीन वर्षं झाली.

बाई : म्हणजे ते अजून...

वहिनी : आत आहेत.

बाई : माफ करा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटा : मी नाही सांगितलं. काय सांगणार?

बाई : मग मला एकच विचारायचंय. हा दगड पेटीतून बाहेर कधी काढलात?

वहिनी : बाहेर काढला म्हणून तर कळलं ना, की बदललाय.

बाई : पण काढलात का? एवढं जपून ठेवायला सांगितलं असताना?

धाकटा : सांग ना वहिनी.

वहिनी : यांना काय त्याचं?

धाकटा : मग मी सांगतो. आमच्या घरात तीन वर्षं एकही दिवा मालवलेला नाही, मॅडम. झोपायच्या खोलीतला नाही, मोरीतला नाही. शेजारचे विचारतात, तुमच्याकडे रोज लग्न असतं का. दादा अंधारात आहे म्हणून. आणि एक दिवस तिच्या डोक्यात आलं की त्याच्या हातचा दगड पण पेटीत अंधारातच पडलाय.

वहिनी : निदान त्याला तरी ऊन लागावं, वाटलं. खिडकीत ठेवला. मावशीकडे गेले चार दिवस. परत येऊन बघते तर हा. घरात दुसरं कोण होतं? हाच.

बाई : तुम्ही बदललेला दगड पाहिला नाहीत. बदललेला रंग पाहिलात.

वहिनी : म्हणजे?

बाई : हे बघा. जमिनीतले बहुतेक दगड एका मोठ्या घराण्यातले. सिलिकेट म्हणतात. सगळ्यांच्या आत तीच बारीक वीट, फक्त रचायची तऱ्हा वेगळी. कुणात विटा एकापुढे एक, साखळीसारख्या. कुणात पत्रे, अभ्रकासारखे. आणि कुणात चारी बाजूंनी हात धरलेले, सगळीकडून बांधलेले.

धाकटा : हा धडा यायच्या आधीच मी शाळा सोडली. नाहीतर थांबलो असतो.

बाई : हा त्या शेवटच्या प्रकारातला. त्यातही एका छोट्या गटातला, सोडालाइट नावाच्या. विटांचे पिंजरे होतात यात, आणि प्रत्येक पिंजऱ्यात काहीतरी कोंडलेलं असतं. मिठात असतं तसं क्लोरीन. आणि क्वचित थोडं गंधक. तेवढ्या गंधकामुळे हा असा वागतो.

वहिनी : कसा?

बाई : खाणीतून काढला की जांभळा. उन्हात ठेवला की रंग जातो, कधी काही मिनिटांतच. पार पांढरा होतो. हॅकमनाइट म्हणतात, हा बहुधा तोच. फार दुर्मीळ. मी इतकी वर्षं फक्त चित्रात पाहिला होता.

वहिनी : अमेथिस्ट नाही का तो? अंगठीत असतो तो?

बाई : नाही. अमेथिस्ट काचेवर सहज खोल ओरखडा काढतो. हा जेमतेम काढतो. घासला तर पूड पांढरी. आणि हातात घ्या, दिसतो त्यापेक्षा हलका लागेल.

वहिनी : हलका तर तोही होता.

धाकटा : बघ.

वहिनी : बघ काय? हा त्या जातीचा आहे, एवढं कळलं. हा तोच, हे कुठे कळलं? जातभाई असेल त्याचा. चांगला विकून पांढरा झालेला आणून ठेवला असशील.

धाकटा : आणि पट्टी? पट्टी पण विकत मिळते का दादाच्या अंगठ्याची?

वहिनी : एकावरची काढून दुसऱ्यावर लावता येते.

बाई : बरोबर बोलतात त्या. माझ्याकडे अतिनील किरणांचा एक दिवा आहे, तो धरला की मिनिटभरात रंग परत येईल. पण मी मुद्दाम लावला नाही. तुम्ही म्हणाला असता, रंग दिला. आणि त्याने दगडाची जात कळेल, दगड नाही कळायचा. ते कळायला एकच जागा आहे. पट्टीखाली.

धाकटा : नाही.

बाई : ऐकून तरी घे. उन्हात सगळा दगड पांढरा झाला. पट्टी जाड आहे. तिच्याखाली ऊन पोचलं नसेल. ती नंतर लावलेली असेल तर खाली पांढरा निघेल. आधीपासूनची असेल तर...

धाकटा : कळलं मला. पहिल्या दिवशीच कळलं होतं. नाही काढायची.

बाई : अरे, तुझ्यावरच आळ आहे ना?

धाकटा : असू दे. ती पट्टी दादाने लावलीय. त्याच्या हाताने लावलेलं घरात दुसरं काही उरलं नाही. वहिनी, ठेव दगड तुझ्यापाशी, मला चोर समज, चालतंय. पट्टीला हात लावू नकोस.

वहिनी : ...खड्या.

धाकटा : काय?

वहिनी : पडदा ओढ.

धाकटा : वहिनी, राहू दे म्हणतोय ना.

वहिनी : ओढ म्हटलं ना. सगळा नको, फट ठेव. बाई, तुमचा तो चिमटा द्या. नको, राहू दे. नखानेच काढते.

बाई : हळू. गोंद वाळलाय, कण निघतील.

धाकटा : मी नाही बघत.

वहिनी : बघ.

धाकटा : नको.

वहिनी : बघ रे. तेवढंच. बोटभर. तोच रंग आहे. तोच आहे हा. खड्या, तोच आहे.

बाई : बोट ठेवा त्यावर. झाका. उजेड आहे.

वहिनी : झाकलाय.

धाकटा : रडू नकोस गं.

वहिनी : मीच घालवला. त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि मी उन्हात नेऊन ठेवला. तुला काय काय बोलले.

धाकटा : काही विशेष नाही. डुक्कर म्हणालीस, ते तर रोजच म्हणतेस.

बाई : एक मागू? पट्टीच्या गोंदाला चार कण आलेत. दगड फोडायचा नाही, पण एवढे कण यंत्राला पुरतील. मग नावापुढचं 'बहुधा' काढता येईल मला.

वहिनी : कण घ्या. पट्टी परत द्या. आणि बाकीचा रंग? तुमच्या दिव्याने येतो म्हणालात.

बाई : येतो. लावू?

वहिनी : दिव्याशिवाय नाही येत?

बाई : अंधारात ठेवला तर येतो. हळूहळू. आठवडे लागतील. पण आपला आपण येतो.

वहिनी : अंधारातच?

बाई : हो. अंधारातच.

वहिनी : मग दिवा नको. मोजा आणलाय मी, पिशवीतून काढून दे तो इकडे. पेटीतच ठेवू. चल घरी, दोघं मिळून ठेवू.

धाकटा : वहिनी, ती गाडी खाणीची आहे.

वहिनी : कुठली खाण?

धाकटा : तीच. भिंत फोडतायत, खालचं भुयार उघडतायत. माणसं हवी होती. तू घर सोड म्हणालीस, त्याच दिवशी नाव दिलं.

वहिनी : रागात म्हणाले मी. तू नाही जायचं.

धाकटा : रागात दिलं होतं मी पण. आता राग गेलाय, तरी जाणार. दुसरं कुणी आत शिरलं तर दगड शोधेल. मी दादाला शोधेन.

वहिनी : एक गेला तो पुरे नाही झाला का?

धाकटा : तुला आठवतंय, दगड पेटीत होता तेव्हा रात्री पेटी वाजायची? दोनदा, नखाने वाजवल्यासारखी. दादा दार वाजवायचा तशी.

वहिनी : तुला... तुला पण ऐकू यायचं?

धाकटा : रोज. तू घाबरशील म्हणून बोललो नाही. खिडकीत ठेवलास तेव्हापासून बंद झालं.

वहिनी : मला वाटलं, मलाच वेड लागलंय. तीन वर्षं मला वाटलं.

बाई : खाली कुणीतरी हॉर्न देतंय.

वहिनी : देऊ दे. खड्या, आज पेटीत ठेवला आणि रात्री परत वाजली तर? मी एकटी काय करू?

धाकटा : वाजू दे. झाकण उघडू नकोस, आणि खोलीतला दिवा मालव आता. येऊ दे त्याला रंग. मला निघायला हवं, वहिनी.