गोंद सुकेपर्यंत

— नाही ताई, स्पीकरला नावं ठेवू नका, बिचारा शेवटपर्यंत वाजला. हा वास घ्या — जवळ आणा, काही होत नाही — जळक्या वार्निशचा आहे ना? ही कॉइल, म्हणजे आतली तार. वूफर तुमचा तीनशे वॉटचा आणि त्याला ताकद देणारा डिकीतला ॲम्प बसवलाय आठशेचा. मागे 'तीनशे' छापलेलं असतं ते काय शोभेला? सगळे म्हणतात, बनवणारे हातचं राखूनच लिहितात, थोडं जास्त दिलं तर कुठे बिघडतं. तेही खरं. पाच मिनिटं, दहा मिनिटं काही होत नाही. पण ती उष्णता जाणार कुठे? आतच बसते. मग एक दिवस तारेवरचा लेप सुटतो आणि तुम्ही कितीही आवाज वाढवा, नुसती खरखर. असो. नवी कॉइल बसवलीय, दिव्याखाली गोंद सुकायला दोन तास. घाई केली तर वाकडी बसेल आणि घासत राहील. बसा ना. त्या खुर्चीवरचे स्क्रू खाली ठेवा. चहा? नको? झालाय पण दोन कप. सवयीनं होतो.

नाही हो, बायकोची सवय नाही. ती मुलीकडे गेलीय, नातू झाला तेव्हा, महिन्यासाठी म्हणून. तिसरं वर्ष चालू आहे. फोन असतो की रविवारी. 'जेवलात का' विचारते, मी 'हो' म्हणतो, मग नातवाच्या हातात फोन देते, तो नुसता श्वास घेतो, मी ऐकतो. बरं असतं तेही. — ही सवय लिफ्टवाल्याची. लिफ्ट दुरुस्त करतो तो. दिवसभर त्या उभ्या बोगद्यात एकटा, वर दोर, खाली अंधार. गाडीत बसला की सगळं अंग हललं पाहिजे असा आवाज हवा त्याला. म्हणायचा, 'मिस्त्री, दिवसभर मी कुणाला दिसत नाही, निदान ऐकू तरी जावं.' तुमच्यासारखाच पहिल्यांदा आला, जळकी कॉइल घेऊन, तीनशेचाच वूफर. मी ॲम्पला मीटर लावला, ही बारकी फिरकी असते ना, गेनची, म्हणजे ॲम्प किती जोर देणार ते ठरवणारी, ती नीट लावली. चौतीस व्होल्टच्या वर जायचं नाही, तेवढंच त्या वूफरला झेपतं. दोन तास बसला त्या खुर्चीत. आईबद्दल बोलला, लग्न कसं मोडलं ते बोलला, मीही काय काय बोललो. गेल्यावर मला घसा बसल्यासारखं वाटलं — इतकं बोललो होतो.

मग सात महिने पत्ता नाही. नसणारच! नीट केलेलं काम परत येत नाही, आमच्या धंद्याची हीच तर गंमत आहे. नंतर एक दिवस आला, कुठलीशी वायर सैल झाली होती म्हणून. पाच मिनिटांचं काम. निघालाच होता. मी म्हटलं, थांबा, ॲम्पही बघून देतो, आणि ती फिरकी तेव्हा जरा अठ्ठेचाळीसवर फिरली —

काय? फिरली म्हणालो. हो, फिरली.

फिरवली. मीच फिरवली. असं बघू नका ताई. दोन महिन्यांत आला, तोंड पाडून, वूफर कडेवर मूल घेतल्यासारखा. आणि मी — सांगू नये, पण आता काय — मी आतून खूश. आधी चहा ठेवला, मग स्पीकर उघडला. वर्षात चार वेळा आला असा. दर वेळी म्हणायचा, 'चूक माझीच, मला आवाज आवरत नाही.' आणि मी मूग गिळून. वर उपदेश, 'जरा बेतानं घ्या हो.' मजुरी घेत नव्हतो, म्हणून मनाशी म्हणायचो, त्याचं नुकसान कुठे आहे?

मग एकदा तो आईला डोळे दाखवायला घेऊन चालला होता. भर दुपारी, सिग्नलला उभा. आवाज मोठा ठेवायचा नाही तो आई असली की, पण त्या दिवशी तिनंच सांगितलं होतं म्हणे, 'लाव तुझं ते, छातीत छान वाटतं.' कॉइल तापून लाल झाली, स्पीकरच्या खोक्यात भरलेल्या कापसानं पेट घेतला. धूर सीटमागून आत. आईला आधीच दमा. उचलून फुटपाथवर आणली त्यानं. आठ दिवस ऑक्सिजनवर. वाचली. हो, वाचली, चालतीफिरती आहे. नवव्या दिवशी ते काळं पडलेलं खोकं घेऊन इथे आला आणि त्या खुर्चीत बसून रडला. 'तुम्ही शंभरदा बजावलं होतंत मिस्त्री, मी ऐकलं नाही.' माझी माफी मागत होता, ताई. माझी! तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण सांगितलं असतं तर तो परत आला नसता. खोकं नवं केलं, वूफर नवा, मीटर लावून बरोब्बर चौतीस. आणि नाही सांगितलं तरी नाहीच आला. वर्ष होत आलं. नीट वाजतोय ना. ह्या रस्त्यानं जातो कधी, माझ्या फळीवरचे नट थरथरतात, तो काचेतून हात करतो. थांबत नाही. थांबायला कारण लागतं माणसाला.

का उठलात? हां, तुमच्या डिकीतला ॲम्प. बघा, बघायलाच हवं. टॉर्च घ्या. मीटर जोडलेलाच आहे, आकडा तुम्हीच वाचा. चौतीस ना? हं. त्या फिरकीवर तुमच्या पेननं खूण करून ठेवा, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल. मी लावला तरी.

दोन तास होत आले, गोंदही सुकला वाटतं. हलक्या हातानं धरा, कडेनं. — एक विचारू? इतकी दुकानं सोडून माझ्याकडे कसं काय? बोर्ड तर दिसतही नाही रस्त्यावरून.

तुमच्या इमारतीची लिफ्ट...

त्यानं पाठवलं? काय म्हणाला?

नाही, नीट सांगा, त्याच शब्दांत. 'डोळे मिटून जा'... आणखी? 'फसवणार नाही'.

असं म्हणाला.

तुम्हाला भेटेल तो. उद्या, परवा, लिफ्टपाशी. विचारेल, झालं का काम. तुम्ही त्याला... नाही. तुम्ही काही सांगू नका. त्याचा नंबर आहे माझ्याकडे, ह्या वहीत, पहिल्याच पानावर आहे. तुम्ही निघा ताई. पैसे राहू देत. निघा, मला फोन करायचाय.