तृतीयेचं अनेकवचन

बसथांब्यावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. धाकट्या मुलाच्या भिक्षुदीक्षेला निघालेल्या. आईनं लेकीला म्हटलं,

"तिथे त्याला काय विचारतील, पुन्हा सांग."

"सगळं पालीत असतं, आई. तू माणूस आहेस ना, कुणाचा गुलाम नाहीस ना. मग विचारतात, अनुञ्ञातोसि मातापितूहि?"

"म्हणजे?"

"आईवडिलांनी परवानगी दिलीय ना?"

"तुझ्या बाबांनी दिली की."

"तेवढ्यानं भागत नाही. मातापितूहि म्हणजे तृतीयेचं अनेकवचन. आईनं आणि वडिलांनी, दोघांनी."

"मला कुणी विचारलंच नाही."

"तो कधीपासून विचारतोय. तूच उठून स्वयंपाकघरात जातेस."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तो तिथे हो म्हणणार नाही. त्याला खोटं बोलता येत नाही."

"हो म्हटलं तर?"

"मग पात्र-चीवर, म्हणजे भिक्षापात्र आणि भिक्षूची वस्त्रं, आहे का विचारतील, आणि नाव. तो नवं नाव सांगेल, धम्मरक्खितो."

"असा शेवटी ओ लावून हाक मारू मी त्याला?"

"हाक मारताना तो ओ गळतो. पण आपण नावानं हाक मारायचीच नाही. भन्ते म्हणायचं."

"आईनंसुद्धा?"

"आईनंसुद्धा. ऊठ, बस आली."

"आधी फोन लाव त्याला."

"बस सुटेल, आई."

"सुटू दे. लाव... हॅलो, गुंड्या? मी बोलतेय. ते अनेकवचनाचं विचारतील ना, त्याला हो म्हण. हो, दोघांचं. नाही रे, रडत नाहीये. थांब, लगेच ठेवू नकोस. गुंड्या... काही नाही, नुसती हाक मारली."